डबा वाजवणाऱ्यास

प्रशांत,

काल तुझा जलदान विधी झाला. भन्तेजी गाथा म्हणत होते, तुझ्या आईंच्या आणि माझ्या हातातल्या तांब्यातून पाण्याची धार खालच्या वाटीत पडत होती, आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. तू आत्ता दारातून आत आलास तर तुझी कॉलर धरून तुला भिंतीवर आपटायचं. रडणं वगैरे नंतर. जमलेल्या लोकांना वाटलं, पोरगी सुन्न झाली बिचारी. मी सुन्न नव्हते. मी संतापले होते, आणि अजूनही आहे.

शेजारच्या काकू पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "वाघानं मारला असता तं समजून घेतलं असतं माय. हे हत्तीचं कुठून निंगालं?" तुझ्या मामांनी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. पण त्या चुकीचं बोलल्या नाहीत. आपल्याकडे वाघानं माणूस मारला तर लोक हळहळतात आणि दुसऱ्या दिवशी रानात जाताना डबा जास्त जोरानं वाजवतात. हत्ती छत्तीसगडाकडून गडचिरोलीत उतरले त्याला काही वर्षं झाली, तरी लोकांच्या अंगात अजून वाघच मुरलेला आहे. तुझ्याही अंगात तोच होता, आणि त्यानंच तुझा घात केला, असं आईंनी धरून ठेवलं होतं. तेच त्यांना खात होतं.

पण आधी डब्यांचं सांगते. म्हणजे आपल्या भांडणांचं.

नाव प्रशांत आणि नोकरी चुनखडीच्या खाणीत सुरुंग लावायची. तुझ्या बारशाला कोणी तरी मोठा विनोदी माणूस हजर असला पाहिजे. गडचांदूरच्या त्या दोन खोल्यांत तू हळू आवाजात बोललेलं मला आठवत नाही. भांडं ठेवलंस तरी आदळून ठेवायचास. मी नागपूरची, मेडिकल दुकानात औषधं देणारी, मला चार माणसांत आवाज चढवायची सवय नव्हती. तुझ्यामुळे लागली. तुझ्या आईसमोर तुला "अहो" म्हणायचे आणि दार लागलं की "अबे" म्हणून सुरू व्हायचे, हे आईंना सगळं ऐकू जात होतं, असं त्यांनी मला परवा सांगितलं.

मोठी मोटारसायकल घेतलीस तेव्हा ठरलं होतं की आपण दोघांनी सिरोंच्यापासून बस्तरपर्यंत रानारानानं फिरायचं. त्यासाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना सामानाचे कडक डबे हवे होते. दुसरा कोणी असता तर त्यानं फोनवर चार व्हिडिओ बघून मागवले असते. तू तीन जातींचे तीन डबे गोळा केलेस. एक काळा प्लास्टिकचा, कंपनीचा, गुळगुळीत. एक अ‍ॅल्युमिनियमचा, कोणीतरी वापरून विकलेला. आणि एक चंद्रपूरच्या ट्रंका करणाऱ्याकडून पत्र्याचा करून घेतलेला, ज्याच्यावर त्यानं सवयीनं कमळाचं फूलही रंगवून दिलं होतं. ते फूल बघून मी हसून हसून खाली बसले. तू मात्र गंभीर होतास. "उद्या रविवार. खाणीत चल. या तिघायची परीक्षा हाये," म्हणालास.

परीक्षा म्हणजे काय, ते खाणीच्या बंद पडलेल्या टप्प्यावर उभं राहिल्यावर कळलं. तू आणि तुझ्या पाळीतले दोघं जण, तिन्ही डब्यांत वाळूची पोती भरून वरच्या टप्प्यावरून खाली फेकत होता. माणसं कशी खुशीत आली होती! पत्र्याच्या ट्रंकेचं पहिल्याच फटक्यात कमळ एकीकडे आणि कडी दुसरीकडे गेली. प्लास्टिकचा डबा दगडावर आपटून पोरीसारखा उड्या मारत खाली गेला, काहीच झालं नाही त्याला. मी टाळ्या वाजवल्या. तू दात-ओठ खात तो परत वर आणलास, परत फेकलास, परत आणलास. शेवटी त्याच्या कोपऱ्याला तडा गेला तेव्हा तू असा ओरडलास की जसा काही तुझा वैरी पडला.

अ‍ॅल्युमिनियमचा डबा पहिल्याच पडण्यात वाकडातिकडा झाला. झाकण लागेना. मी म्हटलं, "झालं, तुझा लाडका तं नापास." तू मांडी घालून दगडावर बसलास, डबा पालथा घेतलास आणि लाकडी मोगरीनं त्याला आतून-बाहेरून असं बडवलंस की माझे दात शिवशिवले. अर्ध्या तासानं झाकण बसलं. तू घामानं निथळत होतास आणि चेहऱ्यावर जग जिंकल्याचा आनंद होता.

"पाय आता," म्हणालास. "हा मार खाऊन चेपते, पन पुन्हा मार देला का सरळ होते. प्लास्टिकले तडा गेला म्हंजे गेला. भामरागडच्या रस्त्यानं कोन जोडून देते तुले?"

"डबा निवडून राह्यला का पैलवान?"

"जे घरी फुटत नाई ते रस्त्यावर फुटते. म्हनून घरीच फोडून पाहाचं."

ही तुझी एकूण रीतच होती. माणसांशीही तू तसाच वागायचास. लग्नाआधी माझ्याशी किती तरी वेळा मुद्दाम भांडलास आणि नंतर म्हणालास, "पाहून राह्यलो होतो, टिकते का." त्या वाक्याचा मला अजून राग येतो. आणि त्याच वेळी, टिकले, याचा अभिमानही वाटतो, हे तुला कधी सांगितलं नाही.

मग धूळ. डब्यात तुझा काळा टी-शर्ट घालून तो क्रशरजवळ ठेवून दिलास. आपल्या गावात ती पांढरी धूळ उघड्या डोळ्यात, भातात, देवघर असेल तर देवघरात, कुठेही शिरते. चार दिवसांनी काढला तर टी-शर्ट भुरका. झाकणाचं रबर कुचकामी निघालं. तू ते फाडून काढलंस आणि मोटारीच्या दाराला लावतात ती रबरी पट्टी आणून बसवलीस. पुढच्या खेपेला टी-शर्ट काळाच्या काळा बाहेर आला. तो तू त्याच दिवशी अंगात घातलास आणि आईंना दाखवत घरभर फिरलास. आई म्हणाल्या, "धुतलेला सदरा घालाचं इतकं कौतिक कायचं रे?"

मला मुळात कडक डबेच नको होते. मला कापडी, जाड मेणकापडाच्या पिशव्या हव्या होत्या. गाडी चिखलात घसरली, पाय टेकवायला गेले, आणि मागून डब्याचा कोपरा पोटरीत घुसला तर? हे मी शंभरदा म्हटलं. तू शंभरदा म्हणालास, "काही नाई होत." आणि आलापल्लीच्या पुढे लाल चिखलात तेच झालं. गाडी आडवी झाली, माझी पोटरी काळीनिळी पडली. मी हेल्मेट काढलं आणि तुला फेकून मारलं. ते तुझ्या खांद्याला लागलं आणि तू चिखलात बसून हसत सुटलास. "पाय तं खरी! गाडी डब्यावर टेकली, तुह्या गुडघ्यावर नाई. कापडी पिशवी असती तं गुडघा गेला असता!" ते खरं होतं. पोटरी डब्यानं फोडली आणि गुडघा डब्यानं वाचवला. आता यात कोण जिंकलं, हे आपण त्या चिखलात बसून ठरवत होतो तेव्हा एक म्हातारा गाई घेऊन चालला होता. तो थांबून आपलं भांडण पूर्ण ऐकून गेला. ते भांडण अजून संपलेलं नाही. मी ते कोणाशी संपवू?

प्लास्टिक का नको, याचं खरं कारण तू मला खाणीतल्या परीक्षेच्या रात्री, घरी जेवताना सांगितलंस. "ते मुकं असते," म्हणालास. "आपल्या जंगलात जवळ आवाज पाह्यजे." आई समोरच होत्या. त्या मूल तालुक्यातल्या एका गावच्या. लहानपणी पहाटे मोहफुलं वेचायला जायच्या तेव्हा कमरेला डालड्याचा रिकामा डबा बांधलेला असायचा. वाघाचा नियम त्यांनीच तुला शिकवला होता, आणि त्या दिवशी मलाही म्हणून दाखवला. "पयाचं नाई. पाठ दाखवाची नाई. जागच्या जागी उभं राहाचं, त्याच्या डोयात पाहाचं, अन् डबा वाजवाचा. तो जाते." तुला तो नियम शाळेतल्या पाढ्यांसारखा पाठ होता. त्या एकदा तशाच वाचल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या तोंडून तो ऐकताना कोणी हसत नसे. मी मात्र मनात म्हटलं होतं, आपल्याच्यानं हे होणार नाही बाबा, आपण पळणार.

मग त्याच जातीचा जोडीचा दुसरा डबा आणलास, आणि निघायच्या आधीचं शेवटचं भांडण ते दोन्ही गाडीला बसवायचे कसे, याचं. तुला ते नट-बोल्टनं कायमचे आवळून टाकायचे होते. खडखड नाही, चोरी नाही. मला ते किल्ली फिरवून चटकन काढता येणारे हवे होते. "लॉजच्या जिन्यावरून कपडे काय मी पान्ह्यानं खोलून नेऊ?" यावर तू दोन दिवस अबोला धरलास. तुझ्यासारख्या माणसाला अबोला धरणं म्हणजे श्वास कोंडण्यासारखं. तिसऱ्या दिवशी तू मुकाट्यानं माझ्या मनासारखे चाप बसवून आणलेस. किल्ली फिरवली, खुंटी ओढली की डबा हातात. आपल्या संसारातला मी जिंकलेला तो एकच वाद.

आता त्या सकाळचं. हे मला लिहायचं नव्हतं. पण तुझ्याशी खोटं बोलायची सवय नाही.

भामरागडहून परत येत होतो. धान कापून झालेलं, बांधांवर भाऱ्यांचे ढीग, ऊन नुकतं तापायला लागलेलं. तुला मुख्य रस्ता सोडून रानातली वाट घ्यायची होती, कारण पुढे नाला आहे आणि नाल्यातून गाडी काढायची होती. वळणावर वनखात्याची पाटी होती, हत्तींपासून सावध राहा. तू ती मोठ्यानं वाचलीस आणि म्हणालास, "हत्ती तिकडं कुरखेड्याले असतात. इकडं कायचा हत्ती?" मीही हसले. नाल्याच्या अलीकडे गाडी बाजूच्या स्टँडवर लावलीस. मी चहाचा थर्मास काढला आणि जरा मागे, वाटेवर सावली बघून बसले. तू नाल्यातलं पाणी किती, ते बघत होतास.

बांबूच्या बनातून तो बाहेर आला तेव्हा आवाज झालाच नाही. एवढा मोठा जीव, आणि पाचोळा वाजला नाही. एकटाच होता. माझ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याचे कान पसरले. मला काही आठवलं नाही, ना आईंचा नियम, ना तुझं शिकवणं. डोकं बंद पडलं आणि पाय सुरू झाले. मी पळाले. चप्पल गेली, ओढणी काट्यात गेली, मी पळत राहिले. मागून डब्याचा आवाज आला. टणटण, टणटण, तुझ्या खाणीतल्या मोगरीसारखा. तो आवाज हळूहळू लांब जात गेला. मला वाटलं, मी लांब जाते आहे म्हणून.

मग आवाज थांबला. त्यानंतरचा आवाज मी लिहिणार नाही.

गावातली माणसं मशाली आणि फटाके घेऊन आली, हत्ती गेला, तेव्हा मी तुझ्याजवळ पोचले. तुझ्या छातीला छातीचा आकार राहिला नव्हता. चेहरा मात्र जसाच्या तसा, रागावलेला. एका माडिया आदिवासी म्हाताऱ्यानं आपल्या खांद्यावरचा पंचा काढून तुझ्यावर घातला. मी दगड उचलला आणि हत्तीच्या मागे रानात धावले. मला त्याला मारायचं होतं, प्रशांत. दगडानं. दोघी बायांनी मला धरलं, त्यातल्या एकीच्या हाताला मी चावले, रक्त येईपर्यंत. तिनं हात सोडवून घेतला नाही. मला पोटाशी धरून उभी राहिली. तिचं नावही मला माहीत नाही.

तुला बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं.

घरी आईंनी पहिल्याच दिवसापासून एकच विचारायला सुरुवात केली. "तो काऊन नाई पयाला? तू पयाली, तो काऊन नाई?" मी म्हणायचे, मला माहीत नाही. तेच खरं होतं, कारण मी मागे बघितलंच नव्हतं. मग वनरक्षक चौकशीला आले. चांगला माणूस, कोणाला दुखवायचा त्यांचा हेतू नव्हता. ते म्हणाले, "बाई, हत्ती वाघासारखा नसते. त्याच्यासमोर उभं राहाचं नाई, आवाज तं बिलकुल करायचा नाई. चुपचाप लांब निंगून जायचं. भाऊनं डबा वाजवला, म्हनून तो चिडला." ते गेल्यावर आई उठल्या. घरातले सगळे डबे त्यांनी ओट्यावरून, फळीवरून ओढून अंगणात भिरकावले. तांदळाचा, तिखटाचा, तेलाचा. तिखट उडालं, आम्ही सगळे खोकत होतो, आणि त्या दाराच्या चौकटीवर कपाळ आपटत होत्या. "माह्या तोंडानं मारला मी त्याले! म्याच शिकवलं होतं, उभा राय म्हून!" कपाळातून रक्त डोळ्यात उतरलं तरी थांबेनात. मामांनी आणि मी त्यांना खाली दाबून धरलं. त्या दिवसापासून त्यांनी अन्न टाकलं. पाण्याशिवाय काही घेईनात. घेतलं तर ओकायच्या.

गाडी तिथेच राहिली होती. ती आणायला म्हणून मी वनरक्षकांबरोबर परत गेले. मला जायचं नव्हतं. पण तुझी गाडी तुझ्याशिवाय रानात उभी आहे, हे मला सहन होईना.

गाडी स्टँडवर होती. तिला ओरखडासुद्धा नव्हता. त्या दिवशी मला हे दिसलंच नव्हतं, कारण मी फक्त तुला बघितलं होतं. तू नाल्यापलीकडे पडला होतास, ते हत्तीनं फरफटत नेलं म्हणून, असंच सगळ्यांनी धरलं होतं. डाव्या बाजूचा डबा नव्हता. वनरक्षकांनी हातानं दाखवलं, नाल्याच्या पलीकडे, वर, बांबूच्या बेटाजवळ तो पडला होता. "हत्तीनं फेकला असन," ते म्हणाले. मीही हो म्हटलं असतं. पण माझी नजर गाडीच्या चापाकडे गेली आणि मी गुडघे टेकून तो चाचपला.

हत्तीनं डबा उपटला असता तर चाप वाकला असता, खुंटी तुटली असती. आपण त्या चापावरून दोन दिवस बोललो नव्हतो, मला तो किल्लीच्या दातांपर्यंत माहीत आहे. खुंटी व्यवस्थित ओढलेली होती. किल्ली चापाच्या कुलपातच होती. नाल्याच्या ओल्या वाळूत तुझ्या बुटांचे ठसे पुसट झाले होते, तरी एकमेकांपासून लांब लांब पडलेले कळत होते. चालणाऱ्या माणसाचे नव्हते ते. डब्याच्या झाकणावर एकाच जागी दगडानं ठोकल्याच्या खुणा होत्या.

तू जागच्या जागी उभा राहिला नव्हतास. तू पळाला होतास. हत्तीचं तोंड माझ्याकडे होतं, मी एकीकडे पळत होते, आणि तू डबा काढून हातात घेतलास, नाला ओलांडलास, आणि वाजवत वाजवत दुसरीकडे पळालास. आवाज लांब गेला तो माझ्यामुळे नाही. तूच त्याला लांब नेत होतास.

मला तेव्हा काय वाटलं, सांगू? आधी राग. तुला कोणी सांगितलं होतं? मला विचारलंस का? आयुष्यभर डब्याच्या रबरावरून, चहातल्या साखरेवरून वाद घालणारा माणूस, आणि नेमक्या एवढ्या मोठ्या गोष्टीला वाद न घालता निघून गेलास! मी नाही म्हटलं असतं. मी तुला केसाला धरून माझ्या बाजूला ओढलं असतं. कदाचित दोघंही वाचलो असतो, कदाचित दोघंही मेलो असतो, पण निदान भांडलो तरी असतो. मी त्या वाळूत मुठी आपटल्या. वनरक्षक बिचारे तोंड फिरवून उभे राहिले.

आणि मग, फार उशिरा, दुसरं काही वाटलं. त्याला कृतज्ञता म्हणतात हे कळतं, पण तो शब्द मला पुरत नाही. माझ्या मनगटात नाडी उडत होती आणि ती बघून मला ओरडावंसं वाटत होतं. ही तू दिलेली आहे. मी ती मागितली नव्हती, आणि आता मला ती परतही करता येत नाही.

घरी आले आणि गप्प बसले. हे तुला सांगायलाच हवं. इकडे आड तिकडे विहीर अशी गत होती. मी बोलले नाही तर आई स्वतःच्या शिकवण्यानं पोरगा मेला म्हणून उपाशी मरणार. बोलले तर त्यांना कळणार की तो नियमानं नाही, सुनेपायी मेला. वाघाच्या नियमावर खापर फुटत होतं तोवर मी कोणाच्याच डोळ्यात अपराधी नव्हते. पाहुणे माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. मला आईंची भीती वाटत होती. त्यांनी घराबाहेर काढण्याची नाही. एकाच ताटात भाकरी मोडताना त्या माझ्याकडे बघतील आणि मनात हिशोब करतील, की हिच्या बदल्यात माझा गेला, याची.

काल विधी झाल्यावर पाहुणे पांगले. आई मागच्या अंगणात भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर कोणीतरी वाढून ठेवलेलं ताट होतं, भाताला हात लावलेला नव्हता. हाताची हाडं दिसायला लागली आहेत त्यांच्या. मी समोर जाऊन बसले आणि म्हटलं, "आई, तो पयाला होता."

त्यांनी मान वर केली.

मी मातीत बोटानं रेघ ओढली. हा नाला. इथी गाडी. इथी मी. इथी हत्ती. "तुमी शिकवलं तसा उभा नाई राह्यला तो. त्यानं डबा काढला अन् नाल्याच्या तिकडं पयाला. वाजवत पयाला."

त्यांनी रेघेच्या पलीकडे बोट टेकवलं. मग विचारलं, "तिकडं काऊन? रस्ता तं इकडं होता."

"मी इकडं होती, आई. म्हनून."

त्यांचा हात एवढा जोरात येईल असं वाटलं नव्हतं. इतके दिवस अन्न नाही, तरी. कानात सुन्न झालं, दात ओठात रुतला. मग दुसरा बसला. मग त्या मुठींनी खांद्यावर, छातीवर, डोक्यावर मारत सुटल्या. नुसता श्वास ऐकू येत होता. मामा आतून धावत आले, मी त्यांना हातानं थांबवलं. आईंचे हात थकेपर्यंत मी तशीच बसून राहिले.

मग त्यांनी माझी हनुवटी धरली आणि तोंड वर केलं. पदरानं ओठावरचं रक्त पुसलं, जोरात, खरवडल्यासारखं.

"पयता पयता मांगं पाह्यलं का तू?"

"नाई."

"एकदा बी?"

"नाई, आई."

त्यांनी हनुवटी सोडली नाही. डोळे माझ्या डोळ्यात होते.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "पाह्यलं असतं तं थांबली असती. मंग माहे दोघंई गेले असते."

त्यांनी ताट ओढून घेतलं. भात थंड होऊन गोळा झाला होता, तो त्यांनी पाण्यानं मोकळा केला आणि खाल्ला, सावकाश, शेवटच्या शितापर्यंत. मी समोर बसून बघत होते. ओकल्या नाहीत.

गाल अजून सुजलेला आहे, प्रशांत. दुखतो. दुखू दे.